डाव्या झाकणावरचे ठिपके

कोळसा खाणीतली पाळी सुटली की घुग्घुसच्या बसस्टँडमागच्या टपरीवर जी गर्दी जमते, तिला गेल्या वर्षभरापासून एकच कोडं पडलेलं आहे. अश्वजित रामटेकेनं एवढी देखणी राजदूत मोटारसायकल उभी केली. टाकी अशी काळीभोर की तिच्यात पाहून भांग पाडावा, चाकांच्या तारा अशा की उन्हात डोळे दिपावे. आणि डाव्या बाजूचं टूलबॉक्सचं झाकण तेवढं भुंडं काऊन ठेवलं? त्याच्यावर रंगाचा थेंब नाही. उघडा, खरवडलेला पत्रा, आणि त्यावर सेंटर पंचानं ठोकलेले ठिपके. वरचे तरी बरे आहेत, खालचे म्हणजे पहिलीतल्या पोरानं काढावे तसे. नव्या कोऱ्या लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखं ते दिसतं.

"अबे अश्वजित, रंग सरला का तुहा?" डंपरवाला कुलदीप दर आठवड्याला विचारतो. "डबा मी आणून देतो, पण झाक ते बाप्पा!"

अश्वजित हसल्यासारखं करतो, उरलेला चहा एका घोटात संपवतो आणि "चाल, मले काम हाय" म्हणून निघतो. आता हा माणूस असा उठून जाणाऱ्यातला नव्हे बरं! त्याच्यापुढं जुन्या गाडीचा विषय काढा, तो स्वतःचं जेवण विसरेल आणि तुम्हालाही जेवू देणार नाही. पण झाकणाचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. ते कुलूप कसं लागलं, ते सांगतो. सांगायला फार गोड वाटतं असं नाही.

अश्वजित कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. वय चव्वेचाळीस. हातात कला अशी की डंपरचं इंजिन नुसतं ऐकून कुठं दुखतं ते सांगावं. आणि नाद म्हणाल तर एकच, मेलेल्या मोटारसायकली उठवायच्या. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या बाभळीखाली वीस-वीस वर्षं सडत पडलेल्या गाड्या स्वस्तात आणायच्या, अंगणात उघड्या करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापाशी उकिडवं बसायचं. बायको पुनमनं एकदा नवी कोरी परात आणली, तर दुसऱ्या दिवशी ह्या बहाद्दरानं तिच्यात इंजिनाचं ऑइल काढलं. त्यावरून घरात जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

दुसरा अभिमान त्याला भाव करण्याचा होता. ह्यात त्याचं एक शास्त्र होतं. मनातल्या आकड्याचा तिसरा हिस्सा आधी बोलायचा. समोरचा चिडतो, शिव्या देतो, तिप्पट सांगतो. आपण पाठ फिरवायची, दहा पावलं चालायची. मग तो हाक मारतो आणि दोघंही हसत-भांडत मधल्या आकड्यावर येतात. घुग्घुसच्या बाजारात भाजीपासून भंगारापर्यंत सगळा व्यवहार असाच चालतो, आणि त्यात कुणी कुणाला फसवलं असं कुणाला वाटत नाही.

मागच्या नोव्हेंबरच्याही आधीच्या नोव्हेंबरात तो आणि पुनम धानोऱ्याला गेले होते. पुनमच्या बहिणीनं नवं घर बांधलं, त्याची वास्तू होती. परतताना पुनमला तहान लागली म्हणून रस्त्यावरच्या एका छोट्या गावात थांबले. जंगलाला लागून वीस-पंचवीस घरं, धान कापून ठेवलेलं, चिटपाखरू नाही. पहिल्याच घराच्या कुडाला टेकून काहीतरी उभं होतं आणि त्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. सीटवर कोंबडी बसली होती. अश्वजित पाण्याकडं जायचा तो तिकडं वळला. वेल बाजूला करून बघतो तर राजदूत! मूळ टाकी, मूळ हँडल, मूळ दिवा. टायर मातीत रुतलेले, खालचा पत्रा गंजलेला, पण इंजिनाला कुणी हात लावलेला नव्हता. त्याला सरळ भूक लागल्यासारखं झालं.

घरातून एक बाई बाहेर आल्या. साठीच्या असाव्यात, अंगानं बारीक, पाठीतून ताठ. मंगलीबाई त्यांचं नाव. त्यांच्यामागून त्यांची मुलगी रंजीता आली, ती गावात आशाताई म्हणून काम करते. मंगलीबाईंचं बोलणं सगळं गोंडीत, मराठी मोजकी. पाहुणे दारात आले म्हणून त्यांनी काही न विचारता आंबिलीचा लोटा आणला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या गोंदणानं भरलेला होता. पुनम ते गोंदण बघत राहिली, "किती सुंदर हाय" म्हणालीसुद्धा. अश्वजितनं लोटा घेतला, आंबील प्यायला, पण नजर हातावरून पलीकडं, गाडीवर. एवढ्या जवळून त्यानं तो हात पाहिला, आणि पाहिलाच नाही.

गाडी रंजीताच्या बापाची, सुकलूची. सुकलू आसपासच्या गावांतली बोरिंगं दुरुस्त करायचा. कुठल्या गावचा हातपंप कोरडा खोकायला लागला की निरोप जायचा, आणि हा पाइप-पाने बांधून फटफटीवर निघायचा. तीस वर्षं तेच केलं. तीन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हापासून गाडी तिथंच.

"विकाल का?" अश्वजितनं विचारलं.

रंजीतानं आईला सांगितलं. मंगलीबाईंनी गाडीकडं पाहिलं, मग अश्वजितकडं. आणि मराठीतच विचारलं, "चालू करशील?"

"म्हणजे का! चार महिन्यांत उडवून दाखवतो बाई," अश्वजित म्हणाला.

"किती देशील?"

आता इथं त्याचं शास्त्र आडवं आलं. मनात नऊ हजार होते. नऊसुद्धा स्वस्तच. त्यानं सवयीप्रमाणं तोंड वाकडं केलं, गंजलेल्या पत्र्यावर टिचकी मारली, म्हणाला, "भंगार हाय पूर्ण. तीन हजार."

आणि थांबला. आता बाई चिडतील, म्हणतील बारा, मग आपण पाठ फिरवू. बाईंनी मान हलवली. होकाराची. बस्स. कोंबडीला उठवलं आणि वेल सोडवायला लागल्या.

अश्वजित उभाच राहिला. खेळायला उतरावं आणि समोरच्यानं पहिल्याच डावात सगळं तुमच्या ओंजळीत घालावं, तर करायचं काय? "नाई बाई, माझी बोलायची पद्धत आहे ती, घ्या नऊ," एवढं एक वाक्य होतं. ते त्याच्या जिभेवर आलं. देवाशपथ आलं! आणि त्यानं ते गिळलं. खिशातून सहा नोटा काढून दिल्या.

धानोऱ्याहून भाड्याचा पिकअप बोलावून त्यावर गाडी चढवली, तेव्हा मंगलीबाई जवळ आल्या. एकच गोष्ट मागितली. "चालू झाली का एकदा इकडे आणजो."

"आणतो ना! का नाई आणत!" अश्वजित मोठ्यांदा म्हणाला. मनात चोर असला की माणूस असाच मोठ्यांदा बोलतो.

परतीच्या वाटेत सावली गावापाशी पुनम म्हणाली, "अर्ध्याहून कमी बोलला तू."

"तिनं हो म्हटलं तर मी का करू? भाव पडला."

"पडला नाई. तू पाडला."

त्यानं ड्रायव्हरशी क्रिकेटच्या गप्पा काढल्या.

गाडी अंगणात आली आणि मग दोन महिने अश्वजितला जगाची शुद्ध नव्हती. इंजिन उघडलं, पिस्टन सोडवला, पुर्जे नागपूरहून मागवले, नाही मिळाले ते स्वतः घडवले. सुकलूनं गाडी मनापासून सांभाळली होती, हे प्रत्येक नटबोल्टवर दिसत होतं. ग्रीस लावलेलं, वायसर बरोबर, कुठं खिळा ठोकून भागवलेलं नाही. "हा माणूस माहा भाऊ शोभला असता," असं तो पुनमला म्हणालासुद्धा.

फक्त डाव्या झाकणापाशी त्याचं डोकं फिरलं. चांगल्या पत्र्यावर कुणीतरी सेंटर पंचानं ठिपकेच ठिपके मारले होते. वर तीन ओळी, मधे शिडीसारखं काहीतरी, खाली पक्ष्याच्या पावलांसारखे तीन-तीन फाटे. "कोणत्या गाढवानं हात साफ करून घेतला बे यावर!" तो एकटाच ओरडला. खालचा अर्धा भाग गंजानं पोखरला होता. तो त्यानं ग्राइंडरनं सरळ कापला, नवा पत्रा वेल्ड केला, आणि वरच्या अर्ध्या भागातल्या एकेका ठिपक्यात पुट्टी भरली. दोन सुट्ट्या गेल्या त्यात. शंभरावर ठिपके होते. कुठला कुठं आहे हे त्याच्या बोटांना पाठ झालं. मग पॉलिश पेपर, मग रंग, मग चकाकी. झाकण आरशासारखं झालं. कापलेला तुकडा भंगाराच्या ढिगात पडला आणि पुढच्या आठवड्यात कबाड्यानं उचलून नेला.

जानेवारीच्या शेवटी तिसऱ्या किकला गाडी बोलली. गल्लीतली पोरंसोरं धावत आली, पुनमनंही पदराला हात पुसत बाहेर येऊन कौतुक केलं. आणि नेमकं तेव्हाच अश्वजितच्या मनात पहिल्यांदा खट्ट झालं. आता न्यायला पाहिजे.

पण न्यायची कशी? अशी झगमगती गाडी त्या दारात उभी केली तर बाईंच्या लक्षात येणार नाही का, की आपण तीन हजाराला काय दिलं? रंजीता शिकलेली पोरगी. ती मोबाइलवर भाव बघेल. आणि मग त्या दोघी आपल्याकडं बघतील. ते बघणं त्याला नको होतं, दुसरं काही नाही. म्हणून तो आज-उद्या करत राहिला.

फेब्रुवारीत रंजीताचा फोन आला; गाडी नेताना दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. "भाऊ, आई विचारून राह्यली, गाडी झाली का?"

"कार्बोरेटर नाई भेटून राह्यला ताई," अश्वजित म्हणाला. गाडी समोरच उभी होती.

मार्चमध्ये पुन्हा फोन. ह्या वेळी त्यानं टायरवर ढकललं. फोन ठेवला आणि पाहतो तर पुनम दारात. ती गाडीकडं बघून आत गेली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

चौदा एप्रिलला घुग्घुसात भीमजयंतीची रॅली निघाली. अश्वजितनं राजदूतला निळा झेंडा बांधला आणि पांढरा सदरा घालून रॅलीच्या अगदी पुढं. काय तो रुबाब! लोक फोटो काढत होते, म्हातारे जवळ येऊन टाकीवरून हात फिरवत होते. त्यातला एक झकास फोटो त्यानं मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला. आनंदाच्या भरात विसरला, की ज्या नंबरावरून रंजीताचे फोन येतात तो त्याच्या मोबाइलात आहे, आणि आपला तिच्या.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "जय भीम भाऊ. गाडी खूप छान झाली. आईले फोटो दाखवला. ती खूप वेळ पाहून राह्यली होती."

एवढाच. टोमणा नाही, कार्बोरेटरचं काय झालं असं विचारणं नाही. अश्वजितनं तो मेसेज वाचला आणि लाजेनं त्याचे कान तापले. त्यानं स्टेटस काढून टाकलं, जसं काही त्यानं काही होणार होतं! त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना. वर्कशॉपमध्ये पाना हातात घेऊन उभा राहायचा आणि कशासाठी घेतला तेच विसरायचा. तरी निघायला त्याला तीन आठवडे लागले. घाबरट माणूस, दुसरं काय म्हणू?

निघताना त्यानं पाकिटात सहा हजार घातले आणि पुनमला म्हणाला, "तू चाल ना संगं."

"मी नाई येत," पुनम म्हणाली. "तोंड तुले दाखवायचं हाय."

मे महिना, चंद्रपूरचं ऊन. उजाडायच्या आत निघाला. मूल आणि सावली ही गावं गेली, वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीत गाडी थंड करायला थांबला. गाडी अशी चालत होती की तक्रारीला जागा नाही. ती कुठं तरी बंद पडावी, असं त्याला दोनदा वाटून गेलं.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. सकाळी जंगलातून पानं तोडून आणलेली, आणि घराघरापुढं सावलीत बसून लोक पुडे बांधत होते. गावाअलीकडच्या नाल्यात त्यानं गाडी उतरवली, गिअर बदलला, फटफट आवाज वर चढला, तशी माणसं उभी राहायला लागली. एक म्हातारबाबा तर काठी टेकत रस्त्यावर आले आणि हातानं आपल्या घराच्या मागं दाखवायला लागले. तिथं बोरिंग बंद पडलं होतं. त्यांना वाटलं, दुरुस्त करणारा आला. जवळ येऊन अश्वजितचं तोंड पाहिलं तेव्हा त्यांचा हात हळूच खाली गेला.

मंगलीबाई आधीच कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. हाताला पानांचा चीक, पदर डोक्यावर. अश्वजितनं गाडी उभी केली, बंद केली. बाई म्हणाल्या, "चालू ठेव." त्यानं पुन्हा किक मारली. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. चांगली दोन-तीन मिनिटं. चेहऱ्यावर असं समाधान की अश्वजितला वाटलं, सुटलो. उगाच भीत होतो. आता पाकीट देतो, आंबील पितो आणि निघतो.

मग बाई गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या. वाकल्या. झाकणावरून हात फिरवला. पदर घेतला आणि झाकण पुसलं, धूळ बसली असावी असं वाटून. पुन्हा हात फिरवला. पुन्हा पुसलं, आता जोरात. त्यांचा डावा हात झाकणाला टेकलेला, कोपरापर्यंत उघडा. त्या काळ्या चकाकत्या पत्र्यात त्यांच्या हातावरचं गोंदण दिसत होतं.

अश्वजितनं ते पाहिलं. वर तीन ओळी. मधे शिडी. खाली पक्ष्याची पावलं, तीन-तीन फाट्यांची. डोळ्यांच्या आधी त्याच्या बोटांनी ओळखलं. ह्याच ओळी, हाच ठिपका जरा बाजूला गेलेला, ज्यात पुट्टी दोनदा भरावी लागली होती. तो गाडीपाशी खाली बसला.

"काय झालं भाऊ?" रंजीता धावत आली. मग तिनं झाकण पाहिलं. हळू म्हणाली, "आईनं शेळ्या विकल्या होत्या बाबाच्या गाडीसाठी. बाबा म्हणे, गाडीवर तुहं नाव पाह्यजे. पण लिहिता नाई ये त्याले. मंग आईले संगं बसवलं, तिचा हात बाजूले ठेवला आणि पाहून पाहून ठोकलं. तीन दिवस ठोकत होता."

आता खोटं बोलायला जागा होती. गंज लागला होता बाई, सगळं झडलं होतं. अर्धं खरंही होतं ते. अश्वजितला ते वाक्य तयार मिळालं, कार्बोरेटरसारखं, टायरसारखं. पण ह्या वेळी ते त्याच्या तोंडातून निघेना.

"मीच बुजवलं," तो म्हणाला. "मले वाटलं कोणी येड्यानं खराब केलं. माहे डोळे फुटले होते बाई."

त्यानं हत्यारांची पिशवी उघडली, झाकणाचे चार स्क्रू काढले आणि ते अंगणात दगडावर ठेवलं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायला बसला. ज्या रंगावर रॅलीत लोक तोंड पाहत होते तो रंग काळ्या चिखलासारखा वाहायला लागला. पोरं जमली, बाया पानं टाकून आल्या. हळूहळू पुट्टीनं भरलेले करडे ठिपके वर आले. एक ओळ, दुसरी, तिसरी. मग शिडीचा वरचा भाग. मंगलीबाईंनी श्वास सोडला. आणि मग जोड आला, वेल्डिंगचा. त्याच्याखाली नवा गुळगुळीत पत्रा. अश्वजितचा हात थांबला.

"बाकी?" मंगलीबाईंनी विचारलं.

"कापलं बाई. ग्राइंडरनं. तुकडा कबाड्याले गेला." आणि बांध फुटल्यासारखा तो बोलत सुटला. "फोनवर खोटं बोललो. गाडी जानेवारीतच चालू झाली होती. आणि भावातबी लुटलं तुम्हाले. मनात नऊ होते, तीन बोललो. तुम्ही हो म्हटलं आणि मी चूप बसलो. हे घ्या बाकीचे." त्यानं पाकीट पुढं केलं.

रंजीतानं आईला सगळं गोंडीत सांगितलं. बाईंनी पाकिटाकडं पाहिलंसुद्धा नाही. काहीतरी दोन वाक्यं म्हणाल्या. रंजीता सांगताना जरा अडखळली.

"भाऊ, तुह्या आधी दोन कबाडी आले होते. एक पाच देत होता, एक सात. आईले भाव माहीत होता. पण ते तोडून विकणार होते. तू म्हणला चालू करीन, म्हून तुले देल्ली."

अश्वजितनं मान खाली घातली. इतके महिने तो ज्या चोरीची लाज बाळगून तोंड लपवत होता, ती चोरी झालीच नव्हती. बाईंनी जाणून दिलं होतं. त्यांना मोबदला हवा होता तो फक्त शब्दाचा, चालू झाली का एकदा आणजो. आणि नेमका तोच त्यानं बुडवला होता. तो रडला. पोरांबायांसमोर, उघड्या अंगणात, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

"गाडी ठेवून घ्या," तो म्हणाला. "मी बसनं जातो."

"कोण चालवन?" मंगलीबाई म्हणाल्या. जरा चिडल्यासारख्या. मग आत गेल्या आणि एक मळकी पिशवी घेऊन आल्या. सुकलूची. तिच्यातून एक हातोडी आणि टोक बोथट झालेला सेंटर पंच काढला, अश्वजितच्या पुढं ठेवला. स्वतः त्याच्या बाजूला मांडी घालून बसल्या आणि डावा हात झाकणाशेजारी आडवा ठेवला.

"ठोक," त्या म्हणाल्या.

डंपरची इंजिनं खोलणारा हात, पण पहिला ठिपका मारताना हातोडी पंचावरून घसरली. सुकलूनं ज्या हातावरून पाहून ठोकलं होतं तो हात तिशीतला होता. आता कातडी सैल झाली होती, शिडी वाकली होती, पक्ष्यांची पावलं सुरकुत्यांत शिरली होती. तो पाहायचा, ठोकायचा, पुन्हा पाहायचा. ठिपका जिथं पडायला हवा तिथं पडत नव्हता. बाई मधूनमधून हाताची कातडी दुसऱ्या हातानं ताणून धरत होत्या, त्याला नीट दिसावं म्हणून. ऊन अंगणभर आलं, लोक पुड्यांकडं परतले, रंजीतानं आंबिलीचा लोटा आणून शेजारी ठेवला. अश्वजितनं तो प्यायला नाही. हक्क नाही असं वाटलं त्याला.

दुपार कलली तेव्हा शेवटचा ठिपका पडला. मंगलीबाईंनी झाकण मांडीवर घेतलं आणि वरून बोट फिरवायला सुरुवात केली. सुकलूच्या ठिपक्यांवरून बोट सरसर गेलं. जोडापाशी जरा थांबलं, आणि खाली नव्या ठिपक्यांवर दर वेळी अडखळायला लागलं. अश्वजित त्या बोटाकडं बघत होता.

"हे त्याचे," वरच्या भागावर हात ठेवून त्या म्हणाल्या. मग बोट खाली आणलं. "हे तुहे."

अश्वजितनं झाकण घेतलं, गाडीला लावलं आणि चारही स्क्रू आवळले. त्या झाकणाला रंग लावायची त्याची हिंमत अजून झालेली नाही.